थोडक्यात जिंकलेला सामना इंग्रजीत कसा लिहायचा: मंडळाची प्रेसनोट पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

पावसाळी गवत वाळून मैदानं मोकळी झाली की कोकणात सामन्यांचे महिने सुरू होतात. देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापासून वर दापोली, श्रीवर्धनपर्यंत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे एखादा चषक चालूच असतो. कुठे मॅटवरची कबड्डी, कुठे अंडरआर्म, कुठे टेनिस बॉलचं ओव्हरआर्म क्रिकेट. पूर्वी निकाल नाक्यावरच्या फळ्यावर यायचा, फार तर पेपरच्या जिल्हा पानावर. आता मंडळाच्या पेजवर तो इंग्रजीतही टाकायचा असतो, मुंबईच्या इंग्रजी पेपरला प्रेसनोट धाडायची असते, लाइव्ह प्रक्षेपणाखाली इंग्रजी ओळ सोडायची असते. हे काम बहुधा मंडळातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर येऊन पडतं. "तुझं इंग्लिश बरं आहे, तूच लिही."

मी हे काम चौदा वर्षं करतोय. वीस गुणांनी जिंकलेला सामना कुणीही लिहील. घोळ होतो तो एका गुणाच्या, दोन धावांच्या सामन्यात. माझ्या हातून पहिल्याच वर्षी झाला. कबड्डीचा अंतिम सामना ३१-३० असा सुटला, रात्रीचा पाऊण वाजला होता, मी मोबाइलवरून बातमी पाठवत होतो. अमुक संघ तमुक संघाकडून एका गुणाने हरला, एवढंच लिहायचं होतं. त्यासाठी ‘डिफीटेड बाय’ हवं. पण त्याच वाक्यात पुढे ‘बाय वन पॉइंट’ही येत होतं. दोनदा ‘बाय’ कानाला बरं वाटेना, म्हणून मी पहिला काढून टाकला. त्या एका शब्दाने हरलेला संघ विजेता झाला आणि तसंच छापून आलं. तिसऱ्या दिवशी जिंकलेल्या संघाच्या चढाईपटूच्या घरी गेलो, तर त्याच्या आईने प्रमाणपत्रांची प्लॅस्टिकची फाइल उघडून कात्रण माझ्यापुढे धरलं. इंग्रजी वाचणाऱ्या शेजाऱ्याने तिला अर्थ सांगितला होता. "ह्याच्यात आमची पोरां हरली म्हणान लिवलला आसा. कित्याक रे बाबा?" मी माफी मागितली, दुरुस्ती पाठवली, पण फाइलीत कात्रण आहे ते तेच आहे. तुमच्याकडून असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

पंचांची सही झालेली गुणपत्रिका, किंवा तिचा स्पष्ट फोटो. फलकावरच्या आकड्यावर विसंबू नका, शेवटच्या गडबडीत फलक एक गुण मागे राहतो. मध्यंतराचे गुण. शेवटच्या पाच मिनिटांची किंवा शेवटच्या दोन षटकांची तुमची स्वतःची टिपणं: कोण पुढे होतं, कधी बरोबरी झाली, कोणाच्या हातून निसटलं. दोन्ही मंडळांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग, तेही कप्तानाला विचारून. आणि एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं वाचा, खरं शिक्षण तिथे होतं.

मराठी बातमी थेट भाषांतराच्या ॲपमध्ये टाकत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘थोडक्यात’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: जरासाठी, आणि संक्षेपात. ‘थोडक्यात पराभव’ म्हणजे संक्षिप्त पराभव अशी ॲपची समजूत होऊ शकते. जे येईल ते डोळ्यांखालून घाला.

१. आधी आकडा, मग विशेषण

बातमीच्या पहिल्याच वाक्यात निकालाचा आकडा हवा. ‘वन ३१-३०’ किंवा ‘वन बाय वन पॉइंट’. आकडा लिहिल्यावर निम्मं काम होतं, कारण एका गुणाचा विजय निसटता होता हे वेगळं सांगावं लागत नाही. नवखी माणसं उलट करतात. ‘थ्रिलिंग, नेल-बायटिंग, हार्ट-स्टॉपिंग’ असे तीन शब्द आधी येतात आणि गुण चौथ्या ओळीत सापडतात.

फरक लहान की मोठा हे संदर्भावर असतं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. दोघांनाही ३ लाख ९० हजारांच्या वर मतं होती, म्हणून २,११० हा ‘रेझर-थिन’ फरक. ग्रामपंचायतीच्या प्रभागात एवढी मतंच नसतात. कबड्डीत दोन गुण म्हणजे निसटता विजय, फुटबॉलमध्ये दोन गोल म्हणजे आरामाचा. वाचणाऱ्याला तो खेळ ठाऊक नसेल तर आकड्याच्या जोडीला ‘नॅरो’ किंवा ‘कम्फर्टेबल’ यांपैकी एक शब्द द्या, तो कामाला येतो.

२. तुम्ही नक्की कशाबद्दल बोलताय ते ठरवा

ही पायरी कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात मला मिळाली नाही आणि सगळ्यांत जास्त उपयोग हिचाच झाला. चुरशीच्या सामन्यासाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत, पण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. काही शब्द फरक सांगतात, काही सामना कसा चालला ते सांगतात, काही तो कसा संपला ते सांगतात.

फरक सांगणारे: ‘नॅरो’, ‘स्लेंडर’, ‘वेफर-थिन’, ‘रेझर-थिन’, ‘बाय अ व्हिस्कर’, ‘बाय अ हेअर्स ब्रेड्थ’. व्हिस्कर म्हणजे मांजराच्या मिशीचा केस. हे शब्द फक्त शेवटच्या आकड्याकडे बघतात.

सामना कसा चालला ते सांगणारे: ‘नेक अँड नेक’, ‘सीसॉ’, ‘डिंग-डाँग’, ‘निप अँड टक’. ‘नेक अँड नेक’ घोड्यांच्या शर्यतीतून आला, दोन घोड्यांच्या माना एका रेषेत. पाच-पाच, नऊ-नऊ, चौदा-चौदा असे गुण चढत गेले तर हा शब्द घ्या. आघाडी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जात राहिली तर ‘सीसॉ’. ‘निप अँड टक’ अमेरिकेत जास्त चालतो, आपल्याकडच्या वाचकाला तो अडखळवतो, मी वापरत नाही.

शेवट सांगणारे: ‘वेंट डाउन टु द वायर’, ‘लास्ट-गॅस्प’, ‘पिप्ड ॲट द पोस्ट’. वायर म्हणजे अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीत अंतिम रेषेवर ताणलेली तार, पोस्ट म्हणजे ब्रिटिश शर्यतीतला शेवटचा खांब. ‘पिप्ड’ हा शब्द भारतीय पेपरांना फार आवडतो, पण त्याला अट आहे. हरणारा अगदी शेवटपर्यंत पुढे असायला हवा, किंवा जिंकणार असं दिसत असायला हवं. सुरुवातीपासून मागे राहून दोन गुणांनी हरलेला संघ ‘पिप्ड’ होत नाही.

आता हे बघा. एका सामन्यात मध्यंतराला २२-९ अशी आघाडी होती. दुसऱ्या डावात मागचा संघ उसळला, एक लोण दिला (म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला), सलग तीन पकडी केल्या आणि सामना ३४-३२ असा संपला. मराठीत आपण याला सरसकट ‘अटीतटीची लढत’ म्हणून मोकळे होऊ. इंग्रजीत ‘नेक अँड नेक’ लिहिलंत तर चुकलंत, कारण बत्तीस मिनिटं हा सामना एकतर्फी होता. इथे ‘हेल्ड ऑन’ किंवा ‘हंग ऑन टु विन बाय टू पॉइंट्स’ हवं: आघाडी कशीबशी टिकवली. मागून आलेल्या संघासाठी ‘स्टेज्ड अ लेट फाइटबॅक’. तोच मागचा संघ जिंकला असता तर ‘केम फ्रॉम बिहाइंड’. निकालाचा आकडा सारखा असला तरी सामना कसा झाला हे या क्रियापदांनीच कळतं. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, विशेषणं पाठ करू नका, क्रियापदं करा.

३. मराठी शब्दाचा हात धरून इंग्रजीत जाऊ नका

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

‘नाकावर टिच्चून जिंकले’ म्हणजे समोरच्याला न जुमानता, त्याच्या देखत जिंकले. इंग्रजीत ‘वन बाय अ नोज’ म्हणजे घोड्याच्या नाकाएवढ्या फरकाने जिंकले. दोन्हीकडे नाक आहे आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

‘अटीतटीची’, ‘चुरशीची’ लढत: ‘क्लोजली फॉट’, ‘कीनली कॉन्टेस्टेड’, ‘हार्ड-फॉट’. यातला ‘हार्ड-फॉट’ लिहिताना हात जपा. क्रियाविशेषण हवं म्हणून शाळेच्या सवयीने ‘हार्डली’ लिहिलंत, तर ‘हार्डली फॉट’ म्हणजे ‘जेमतेमच लढले’ असा अर्थ होतो. जिवाच्या आकांताने खेळलेल्या पोरांबद्दल असं छापून येणं किती वाईट, ते सांगायला नको.

‘काट्याची टक्कर’साठी शब्दकोशात काटा शोधू नका. ‘देअर वॉज लिटल टु चूज बिट्वीन द टू साइड्स’ हे सरळ आणि सुरेख आहे: दोघांत डावंउजवं करणं कठीण.

‘निसटता विजय’ म्हणजे ‘नॅरो विन’, ‘निसटता पराभव’ म्हणजे ‘नॅरो डिफीट’. ‘निसटणे’ या क्रियापदामागे लागून ‘स्लिप’ आणू नका, ‘लेट द मॅच स्लिप’ म्हणजे हातातला सामना घालवला.

‘काठावर पास’: ‘स्क्रेप्ड थ्रू’. साखळीतून उपांत्य फेरीत गुणांच्या फरकावर कसाबसा शिरलेला संघ ‘स्क्रेप्ड इन्टु द सेमीफायनल्स’. इथे ‘बाय द स्किन ऑफ देअर टीथ’ही चालतं. दाताची साल, हा प्रयोग बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातून आला आणि तो आहे संकटातून जेमतेम सुटण्याबद्दल. बाद होता होता वाचलेल्या संघाला तो शोभतो. दिमाखात खेळून एका गुणाने चषक जिंकणाऱ्याला नाही.

‘हातातोंडाशी आलेला घास गेला’. इथे कोणाकडून काय झालं ते आधी ठरवा. समोरच्याने हिसकावून नेला असेल तर त्याच्या बाजूने लिहा: ‘स्नॅच्ड व्हिक्टरी फ्रॉम द जॉज ऑफ डिफीट’, पराभवाच्या जबड्यातून विजय ओढून काढला. घास आपल्याच हातून पडला असेल तर इंग्रजीत ‘थ्र्यू इट अवे’ म्हणतात, पण तो शब्द फार बोचरा आहे. दिवसभर जाळी ओढून, नाहीतर बागेत कलमांना पाणी घालून रात्री मैदानात उतरलेल्या मुलांसाठी मी तो कधीच वापरलेला नाही. ‘फेल शॉर्ट बाय टू रन्स’ एवढं पुरतं.

‘कडवी झुंज दिली’चं आपण ‘गेव्ह अ टफ फाइट’ करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, छापूनही येतं. बाहेरच्या वाचकासाठी ‘रॅन देम क्लोज’ किंवा ‘पुश्ड देम ऑल द वे’ जास्त सहज.

४. क्रिकेटमधलं ‘राखून’

मराठीत आपण ‘एक गडी राखून’ म्हणतो. इंग्रजीत राखणं येत नाही, तिथे ‘बाय वन विकेट’. एकवचन विसरू नका: ‘वन विकेट’, ‘वन रन’. ‘तीन चेंडू राखून’ला मात्र ‘विथ थ्री बॉल्स टु स्पेअर’ म्हणतात. खो-खोतही तेच, ‘एक गुण व दोन मिनिटे राखून’ म्हणजे ‘बाय अ पॉइंट विथ टू मिनिट्स टु स्पेअर’.

गड्यांचा आणि चेंडूंचा फरक वेगवेगळी गोष्ट सांगतो, हे सामना लिहिताना फार महत्त्वाचं. आठ गडी राखून पण शेवटच्या चेंडूवर जिंकलेला सामना निसटताच असतो. नुसतं ‘बाय एट विकेट्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला तो एकतर्फी वाटेल. अशा वेळी ‘ऑफ द लास्ट बॉल’ हे तीन-चार शब्द कधीही गाळू नका. सहा-सहा षटकांच्या आपल्या सामन्यांत हे सतत घडतं.

कसोटीत हा प्रश्न येत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये मोहालीला भारताने ऑस्ट्रेलियाला एक गडी राखून हरवलं, पाठदुखी सोसत लक्ष्मण नाबाद ७३ वर उभा होता. ‘बाय वन विकेट’ एवढ्यावर जग ओळखतं. कसोटीत सगळ्यांत लहान, एका धावेचा विजय वेस्ट इंडिजने १९९३ मध्ये ॲडलेडला मिळवला आणि न्यूझीलंडने २०२३ मध्ये वेलिंग्टनला. मुंबईने आयपीएलचे २०१७ आणि २०१९ चे दोन्ही अंतिम सामने एका धावेने जिंकले. जुन्या बातम्या शोधून हे सामने इंग्रजी पेपरांनी कसे लिहिले ते वाचा. एकाच फरकासाठी दहा जणांनी दहा क्रियापदं वापरलेली दिसतील.

एक इशारा. ‘एज्ड’ हे निसटत्या विजयाचं आवडतं क्रियापद, ‘एज्ड पास्ट’, ‘एज्ड आउट’. पण क्रिकेटमध्ये ‘एज्ड’ म्हणजे चेंडू बॅटची कड घेऊन गेला. ‘ही एज्ड देम होम’ असं काही लिहिलंत तर वाचणारा स्लिपमध्ये झेल शोधेल. क्रिकेटच्या बातमीत ‘एज्ड’ कडेपुरता ठेवा, विजयासाठी ‘स्क्वीझ्ड होम’ किंवा साधं ‘वन’. कबड्डीत, खो-खोत ‘एज्ड’ बिनधास्त वापरा.

५. बरोबरी: टाय, ड्रॉ की लेव्हल?

क्रिकेटमध्ये ‘टाय’ म्हणजे दोघांच्या धावा सारख्या. ‘ड्रॉ’ म्हणजे वेळ संपली, निकाल लागला नाही, अनिर्णित. कसोटीच्या इतिहासात टाय दोनच: डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडिज आणि सप्टेंबर १९८६ मध्ये चेन्नईच्या चेपॉकवर भारत-ऑस्ट्रेलिया. फुटबॉलमध्ये मात्र १-१ ला ‘ड्रॉ’च म्हणतात. कबड्डीत ‘टाय’. खेळ चालू असताना गुण सारखे झाले तर कुठल्याही खेळात ‘लेव्हल’: ‘द टीम्स वेअर लेव्हल ॲट हाफ-टाइम’.

कबड्डीत पूर्ण वेळेत बरोबरी होऊन पाच-पाच चढायांवर निकाल लागला, तर दोन्ही आकडे वेगळे द्या. २५-२५ आणि चढायांत ६-४ असेल तर ‘३१-२९’ अशी बेरीज करू नका. ‘लेव्हल ॲट २५-२५, वन द टाय-ब्रेकर ६-४’. तिथेही बरोबरी होऊन सुवर्ण चढाई झाली तर ‘गोल्डन रेड’ कोणी केली, यशस्वी झाली की पकड झाली, ते नावासकट. त्या खेळाडूच्या आयुष्यातली ती चढाई आहे.

१४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्याचं उदाहरण मी दरवेळी देतो. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्येही १५-१५. चौकार-षटकार इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, म्हणून इंग्लंड विजेता. इथे ‘इंग्लंड अमुक धावांनी जिंकलं’ असं लिहिताच येत नाही, ‘वन ऑन बाउंड्री काउंट’ लिहावं लागतं. समालोचन करणारे न्यूझीलंडचे इयन स्मिथ त्या क्षणी ‘बाय द बेअरेस्ट ऑफ मार्जिन्स’ म्हणाले, म्हणजे कमीत कमी जेवढा असू शकेल तेवढ्या फरकाने. स्वतःचा देश हरत असताना निघालेले ते शब्द आहेत. त्यात ओरडाआरडा नाही आणि अन्यायही नाही. शब्द कसा मोजून वापरावा ते त्यांच्याकडून शिकावं.

६. होड्या, बैलगाड्या आणि धावण्याच्या शर्यती

नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यती होतात, रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाड्या धावतात. इथे फरक गुणांत नसतो, अंतरात किंवा वेळेत असतो. घोड्यांच्या शर्यतीत लहान फरकाची ठरलेली मापं आहेत: सगळ्यांत कमी ‘नोज’, मग ‘शॉर्ट हेड’, ‘हेड’, ‘नेक’, मग ‘हाफ अ लेंग्थ’, ‘अ लेंग्थ’. बैलांसाठी नोज, हेड, नेक जसेच्या तसे चालतात. होडीसाठी ‘लेंग्थ’ म्हणजे होडीची स्वतःची लांबी, ‘वन बाय हाफ अ लेंग्थ’. वल्ह्यांच्या शर्यतीत ‘बाय अ कॅन्व्हस’ असाही एक शब्द आहे, नावेच्या पुढच्या झाकलेल्या भागाएवढा फरक. आपल्या होड्यांना तसा भाग नसतो, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौका शर्यतीत २००३ मध्ये ऑक्सफर्ड एका फुटाने जिंकलं. चार मैलांहून लांब शर्यत आणि फरक एक फूट. १८७७ मध्ये तर दोन्ही नावांना समान मानलं, ‘डेड हीट’. हीट म्हणजे शर्यतीची फेरी. ‘डेड हीट’ शर्यतीपुरता ठेवा, कबड्डीची बरोबरी ‘डेड हीट’ होत नाही.

‘फोटो फिनिश’ म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून दिलेला निकाल. आपल्या बंदरावर पंच धक्क्यावर उभे राहून डोळ्यांनी निर्णय देतात. तिथे ‘फोटो फिनिश’ लिहिलंत आणि हरलेल्या होडीवाल्यांनी फोटो मागितला तर काय दाखवाल? ‘टू क्लोज टु कॉल विथ द नेकेड आय’ असं पंच म्हणाले असतील तर तसं लिहा.

सेकंदाच्या अंशात फरक असेल तर पी. टी. उषा आठवा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा शर्यत. तिसऱ्या आलेल्या धावपटूची वेळ ५५.४१, उषाची ५५.४२. ‘मिस्ड द ब्राँझ बाय वन-हंड्रेड्थ ऑफ अ सेकंड’. इथे ‘व्हिस्कर’, ‘हेअर’ काही जोडू नये. आकड्याइतकं जिव्हारी लागणारं दुसरं काही नाही.

७. मतमोजणीच्या दिवशी

मंडळाचं पेज चालवणाऱ्याला निवडणुकीचा निकालही टाकावा लागतो. चार गोष्टी सांभाळा.

मोजणी चालू असताना ‘लीडिंग बाय’, संपल्यावर ‘वन बाय’. प्रमाणपत्र मिळेपर्यंत ‘वन’ लिहू नका. २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहून विजयी झाले. अशा ठिकाणी अर्ध्या तासाची घाई तुम्हाला खोटं पाडू शकते.

फरकाला ‘मार्जिन’ म्हणा. ‘मेजॉरिटी’ हा शब्द ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत मताधिक्यासाठी चालतो, पण अमेरिकन वाचकाला त्यातून निम्म्याहून जास्त मतं असा अर्थ लागतो. ‘मार्जिन’ सगळीकडे एकाच अर्थाने कळतो.

एका मताचा निकाल असेल तर ‘बाय अ सिंगल व्होट’. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारातून सी. पी. जोशी एका मताने हरले. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. एवढं लिहिल्यावर ‘क्लिफहँगर’, ‘नेल-बायटर’ लिहायची गरज उरत नाही. क्लिफहँगर म्हणजे तर मुळात शेवट अधांतरी ठेवणारं कथानक, तो शब्द निकाल लागण्याआधीच्या बातमीत जास्त शोभतो.

आणि समान मतं पडून ईश्वरचिठ्ठी काढली, तर? ग्रामपंचायतीत हे होतं, २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागातही झालं. इंग्रजीत ‘डिसायडेड बाय अ ड्रॉ ऑफ लॉट्स’. ‘मॅच ड्रॉ’मधला ड्रॉ वेगळा, हा चिठ्ठी ओढण्याचा ड्रॉ. ‘वन द लॉटरी’ लिहिलंत तर उमेदवाराला पैशांची लॉटरी लागली असा अर्थ होतो.

८. छोट्या चुका, ज्या मोठ्या दिसतात

हरणे म्हणजे ‘लूज’, त्यात एकच ‘ओ’. दोन ‘ओ’ घातले की ‘सैल’. दर हंगामात माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या प्रेसनोटांत ही चूक हमखास सापडते.

‘हेअर्स ब्रेड्थ’मध्ये ‘डी’ आहे. तो गळला तर रुंदीचा श्वास होतो. ‘व्हिस्कर’मध्ये ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’.

‘विन’ सामन्याचा होतो, प्रतिस्पर्ध्याचा नाही. ‘वी वन मालवण’ म्हणजे आम्ही मालवण शहर जिंकून घेतलं. माणसाला, संघाला ‘बीट’ करायचं, सामना ‘विन’ करायचा. आणि ‘डिफीटेड’ला ‘बाय’ हवा की नको, हे तीनदा तपासा. मी तर आता कर्मणी प्रयोगच टाळतो. जिंकलेला संघ आधी, क्रियापद, मग हरलेला संघ, मग फरक. अशा वाक्यात उलटं होण्याजोगं काही उरत नाही.

‘थ्रिलर’, ‘नेल-बायटर’, ‘हमडिंगर’ यांतला फार तर एक शब्द अख्ख्या बातमीत. स्पर्धेतल्या सोळाही सामन्यांना ‘थ्रिलर’ म्हटलंत तर अंतिम सामन्यासाठी शिल्लक काय राहणार?

९. पाठवण्याआधी

बातमी मोठ्याने वाचा. वाचताना गुणपत्रिका समोर ठेवा आणि प्रत्येक आकड्यावर बोट टेकवा. शक्य असेल तर दोन्ही संघांतल्या एकेकाला वाचून दाखवा, हरलेल्या संघातल्याला आधी. तो थकलेला असेल, रागातही असेल, पण ‘आमची आघाडी अठराव्या मिनिटापर्यंत होती, ते कुठाय?’ असं तोच विचारतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. जिंकलेला माणूस चषकाच्या फोटोत गुंतलेला असतो, तो काही वाचत नाही.

मग विषयाच्या जागी स्पर्धेचं नाव, गाव आणि अंतिम गुण लिहून मेल धाडा. गुणपत्रिकेचा फोटो सोबत जोडा, म्हणजे डेस्कवरच्या माणसाला शंका आली तर त्याला रात्री दोन वाजता तुम्हाला उठवावं लागणार नाही. तो फोटो हंगाम संपेपर्यंत मोबाइलमधून पुसू नका.